गाठ अण्णांशी आहे

दिल्लीत इतके बादशहा होऊन गेले, पण अण्णांच्या मनात भरलाय तो एकटा फिरोजशहा तुघलक. त्यानं कालवे काढले, बागा लावल्या, तेही ठीकच. पण अण्णांच्या लेखी तो मुळात "माल पोचवणारा माणूस". गावाकडचा पाहुणा आला की लाल किल्ला नि कुतुबमिनार राहतात बाजूला. अण्णा त्याला आधी हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या टेकाडावर नेतात आणि अशोकाच्या खांबापुढं उभा करतात. हा खांब फिरोजशहानं चौदाव्या शतकात मेरठहून आणवला. त्याचा जोडीदार, टोपऱ्याचा खांब, फिरोजशहा कोटल्यात आहे, आणि त्याच्या प्रवासाची हकीकत शम्स सिराज अफीफनं लिहून ठेवली आहे. ती अण्णांना पाठ आहे. खांब आडवा होताना आपटू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाचे ढीग, भोवती बोरू आणि कच्च्या कातड्याचं वेष्टण, मग 42 चाकांचा गाडा, चाकाचाकाला दोर, आणि शेवटी यमुनेतून नावा.

"बेचाळीस चाकं!" अण्णा म्हणतात. "आन् आमच्या पोरांना चार नेता येत न्हाईत."

पाहुणा जरा चौकस निघाला तर इथल्या खांबाचे सांधे दाखवतो. फर्रुखसियरच्या काळात दारूच्या स्फोटात या खांबाचे पाच तुकडे झाले आणि 1867 साली तो पुन्हा उभा केला. त्यावर अण्णा फिरोजशहाच्या बचावाला धावून जातात. "वाहतुकीत न्हाई तुटला! माल चांगला पोचवला हुता. फुडं गिऱ्हाइकानं सांभाळला न्हाई, त्याला तो काय करणार?"

अण्णा आटपाडीकडचे. त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, त्यांतलेच एक. गलाईचं दुकान कूचा महाजनीत, घर बाडा हिंदूरावात. ही वस्ती त्यांना वडिलोपार्जित वाटते, कारण हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांचे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. 1835 साली फ्रेझर साहेबाचा खून झाल्यावर टेकाडावरचा त्याचा बंगला यांनी घेतला. कागल आटपाडीपासून काही जवळ नाही, पण दिल्लीतून बघितलं तर शेजारीच.

दिवसभर गुंजेगुंजेचा हिशेब करणाऱ्या या माणसाला टनांचा नाद कसा लागला, कोण जाणे. गल्लीत कपाट हलायचं असो की कूलर गच्चीवर चढवायचा असो, अण्णा हजर. ओझ्याला हात लावत नाहीत. लांबून बघतात आणि ठरलेला प्रश्न टाकतात, "हलवून बघितलं का?" बघितलं असलं तरी स्वतः एकदा हलवतात. लग्नात मांडवाचा खांब हलवून बघतात, मगच आहेर करतात. गणपती आला तर मूर्तीला हात जोडायच्या आधी पाटाला हात घालतात. एकदा एका नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्या ओढून बघितल्या होत्या. तिथं काकूंनी त्यांना बाहेर नेलं.

तर, पुतण्याची पिकअप. दहा वर्षं भरलेली डिझेल गाडी दिल्लीच्या रस्त्यावर नको, असं हरित लवादानं 2015 साली म्हटलं आणि 2018 साली सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. पुढं त्यात फेरफार झाले, पण ही गोष्ट त्याआधीची. पिकअपची दहा वर्षं भरली आणि त्याच सुमाराला इंजिनही बसलं. पुतण्यानं एनओसी काढली आणि जेवताना सहज म्हणाला, "भाड्यानं ट्रक घेतो, मागं टोचन लावतो, नेतो आटपाडीला."

अण्णांचा घास हातातच राहिला.

आमटीची वाटी ट्रक झाली, दह्याची वाटी पिकअप. "टोचन लावल्यावर दोन गाड्यांत पाच मीटरच्या वर अंतर चालत न्हाई. येग ताशी पंचवीस. दिल्ली ते आटपाडी दीड हजार किलोमीटर धर. किती तास?" पुतण्या गप्प. "साठ! जेवण-झोप सोडून. मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसणार. कोण, तू? इंजिन बंद, म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद. पेडलवर उभा ऱ्हाशील तवा कुठं गाडी थांबंल. आन् दोर सैल पडून झटका बसला की तुटलाच."

पुतण्या हुशार. म्हणाला, "मग पुढची चाकं क्रेनला उचलून घेऊ."

"आन् मागची?" अण्णांनी दह्याची वाटी पुढून उचलली, मागून ओढली. दही ताटात आलं. "मागची चाकं फिरणार, ती शाफ्ट फिरवणार, शाफ्ट गिअरबॉक्सला फिरवणार. न्यूट्रल असला तरी. इंजिन बंद, म्हणजे ऑइल उडवणारे गिअर जागच्या जागी. वरची बेअरिंगं कोरडी घासणार. पोचंस्तवर गिअरबॉक्सचा भुगा! न्यायचीच झाली तर आधी शाफ्ट सोडवावा लागतो."

काकूंनी दोन्ही वाट्या उचलून नेल्या. वाहनं जप्त झाली तरी व्याख्यान हात धुईपर्यंत चाललं. चीड आणणारी गोष्ट अशी, की अण्णा बहुतेक वेळा बरोबर असतात.

शेवटी ठरलं, ओढायची नाही, चढवायची. आझादपूर मंडीत डाळिंब उतरवून मोकळा परतणारा सांगोल्याचा ट्रक मिळाला. रिटर्न गाडी, म्हणून भाडंही बेताचं. सामान आझाद मार्केटातून आलं. ताडपत्र्या, तंबू नि दोरखंडांचा हा बाजार अण्णांचं माहेरच. आवळायचे पट्टे घेतले, आणि वर "इश्वासाला" म्हणून नवा दोर. तो दुकानदारासमोर हातानं मोजून घेतला, पुरा पंचवीस हात.

ट्रान्सपोर्ट नगरात गोदामाच्या धक्क्याला ट्रकचा हौदा भिडवून पिकअप ढकलत आत घेतली. ड्रायव्हर पट्टा बॉडीवरनं टाकायला गेला तशी अण्णांनी आरोळी ठोकली. "चाक बांध, चाक! बॉडी स्प्रिंगावर नाचती, मग पट्टा सैल पडतो. चाक नाचत न्हाई." चाकांच्या मागंपुढं लाकडी ठोकळे ठोकले. बॅटरीची वायर काढली, डिझेल काढून घेतलं, गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. मग अण्णांनी पिकअप हलवून बघितली. अख्खा ट्रक हलला. समाधान झालं.

दोराची गाठ मात्र स्वतः मारली, ड्रायव्हरला पाठ करून. ती कुणाला शिकवत नाहीत.

ट्रक निघाला आणि फोन सुरू झाले. पन्नास किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे असतात, हे खरंच. पट्टे बसतात नि ढिले होतात. पण अण्णांचे पन्नास किलोमीटर संपेचनात. मानेसरला फोन, कोटपुतलीला फोन, जयपूरला दोन. उदयपूरच्या अलीकडं ड्रायव्हरनं वैतागून व्हिडिओच पाठवला: मध्यरात्री, बॅटरीच्या उजेडात, तो दोन्ही हातांनी पिकअप हलवतोय आणि बिचारी जागची हलत नाही. अण्णांनी व्हिडिओ मोठा करकरून बघितला. म्हणाले, "डावीकडचं मागचं चाक दावलंच न्हाई."

गाडी आटपाडीला ओरखडासुद्धा न पडता पोचली. पुतण्याच्या बापानं आनंदानं फोन केला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोर?"

पलीकडं शांतता. गाठ कुणालाच सुटली नव्हती. ड्रायव्हर, क्लीनर, शेजारचा पैलवान, सगळे दमले, तेव्हा कोयत्यानं तोडली होती.

"नवा दोर हुता," अण्णा एवढंच म्हणाले. काकू सांगतात, रात्री जेवले नाहीत. त्यांच्या गाठीची कीर्ती गावभर झाली, हे आम्ही परोपरीनं पटवलं, पण व्यर्थ.

पुढच्या डाळिंबाच्या खेपेला भावानं दोर परत धाडला, सोबत उत्तम भगव्याची पेटी. पेटी तशीच दारात ठेवून अण्णा जमिनीवर बसले आणि दोर मोजायला लागले. साडेतेवीस हात भरला. लगेच आटपाडीला फोन लावला.

"गाठीचा तुकडा ऱ्हायलाय तिकडं," म्हणाले, "पुढच्या गाडीनं धाडा."