बिनव्हिसाचे पाहुणे

आमच्या खानदानात तीन देशांचे पासपोर्ट आहेत. न्यू जर्सीच्या भावोजींचा अमेरिकेचा, स्लाउला राहणाऱ्या बाळूचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, ब्रिटनचा आणि पुण्यात राहून माझा भारताचा. यंदा सप्टेंबरात तिन्ही घरांनी मिळून इटली-ऑस्ट्रिया करायचं ठरलं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर भावोजींचा पहिला मेसेज आला, "आम्हाला काही लागत नाही. तुझं बघ."

माझं मी बघितलं. ९० युरो फी, बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, परतीचं तिकीट, हॉटेलांची बुकिंग्ज, बोटांचे ठसे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. हा विमा सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या मुक्कामभर चालणारा लागतो, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही. विमा एजंट चहा घेता घेता म्हणाला, "मॅडम, यात हॉस्पिटल आलं, विमानाने परत आणणं आलं, आणि समजा तुम्ही तिकडे गेलात, म्हणजे गेलातच, तर बॉडी घरपोच." 'घरपोच' म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला, की ही सोय न वापरता परत येणं मला जरा कृतघ्नपणाचं वाटू लागलं.

माझी फाइल जाडजूड झाली. भावोजी मात्र रोज रिकाम्या हातांचा आनंद घेत होते. "युरोपला अमेरिकन टुरिस्ट हवेच असतात," ते म्हणाले. हवे असतात, पण किती दिवस? भावोजी रिटायर झालेले. आमची सहल आटोपली की पुढे ग्रीस, मग पोर्तुगाल, मग परत इटली, असा त्यांचा पाच महिन्यांचा बेत. प्रत्येक देशाचे ९० दिवस वेगळे, असं त्यांनी धरलेलं. शेंगेनचे २९ देश हिशोबाला एकच. कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९०, आणि येण्याचा दिवस धरायचा तसा जाण्याचाही. शिवाय हे १८० दिवस १ जानेवारीला सुरू होत नाहीत. रोज सकाळी उठून मागे वळून मोजायचे. सुतक कधी फिटतं ते काढायला ताई अजून पुण्याच्या गुरुजींना फोन करते. त्यापेक्षाही हा हिशोब किचकट निघाला. भावोजींनी लगेच पळवाट काढली, "मध्ये आयर्लंडला जाऊन येतो, ते शेंगेनमध्ये नाही." आयर्लंडचे दिवस धरत नाहीत हे खरं, पण त्यामुळे आधीचे पुसलेही जात नाहीत. ताई म्हणाली, "मग घरीच या. तिथे कोणी दिवस मोजत नाही."

एवढा पसारा ज्या गावाच्या नावाने चालतो, ते शेंगेन लक्झेंबुर्गमध्ये मोझेल नदीकाठी आहे. १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे सह्या केल्या, त्याही नदीतल्या एका बोटीवर. सीमा काढून टाकायच्या, तर पाण्यावर बसून काढलेल्या बऱ्या, असा विचार असावा. आतल्या सीमा गेल्या आणि सगळी चौकशी बाहेरच्या दाराशी येऊन साठली.

त्या दाराशी १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने बसवली गेली. शिक्क्याच्या जागी संगणक आला. बिनव्हिसाच्या माणसाने चेहऱ्याचा फोटो आणि चार बोटांचे ठसे द्यायचे. माझे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले, त्यामुळे ते पुन्हा साठवायची गरज नाही, फोटो पुरतो. भावोजींना हे कळलं तेव्हा ग्रूपवर बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. चाळीस वर्षं अमेरिकेत इंजिनिअर राहिलेल्या माणसाने बोटं टेकवायची, आणि सदाशिव पेठेतल्या मेहुणीने फक्त कॅमेऱ्यात बघायचं!

शिवाय बिनव्हिसाच्या माणसालाही अधिकारी विचारू शकतो, की राहणार कुठे, परत कधी जाणार, खर्चाला पैसे आहेत का. माझी सगळी उत्तरं फाइलमध्ये क्रमाने लावलेली. भावोजींचं उत्तर, "बघू तिकडे गेल्यावर."

बाळूची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा पासपोर्ट मे २०१६ मधला, लाल. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत 'युरोपियन युनियन' छापलेलं आणि मुदत फेब्रुवारी २०२७ पर्यंत. त्या काळी ब्रिटन जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने, नऊपर्यंत, नव्यात घालून देत असे. पण युरोपियन युनियनचा नियम असा, की आत शिरताना पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, आणि परत निघण्याच्या दिवसानंतर तीन महिने तरी चालणारा. दुसऱ्या अटीत बाळू पास, पहिलीत नापास. ज्या पासपोर्टवर युरोपियन युनियनचं नाव, तो युरोपियन युनियनलाच चालत नाही! ब्रेक्झिटवर मी बरंच वाचलंय, पण तो मला खरा समजला तो बाळूच्या पासपोर्टवरून. त्याने नव्यासाठी अर्ज टाकला.

आता विमा. शेंगेनच्या सीमानियमांत बिनव्हिसावाल्यांना त्याची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणजे गरज नाही, असा अर्थ आपली माणसं जगाच्या पाठीवर कुठेही काढतात. बाळूकडे ब्रिटनचं जीएचआयसी कार्ड आहे. त्यावर तिथल्या सरकारी दवाखान्यात गरजेचे उपचार स्थानिकांच्या दराने मिळतात, पण मायदेशी परत आणायचा खर्च त्यात नाही. भावोजी म्हणाले, "मला मेडिकेअर आहे की!" मेडिकेअर एरवी अमेरिकेबाहेरचं बिल भरत नाही, हे त्यांना मी पुण्यातून सांगितलं. साठीत बायपास झालेला माणूस आल्प्सवर केबल कारने चढणार, तेही नुसत्या आत्मविश्वासावर!

अजून ईटियास यायचंय. बिनव्हिसावाल्यांनी ऑनलाइन घ्यायची परवानगी ती. आधी सात युरो ठरली होती, मग वीस झाली. एकदा घेतली की तीन वर्षं चालेल, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत. सत्तरीच्या पुढच्यांना फी माफ. ती सुरू होण्याची तारीख कितीदा तरी पुढे ढकलली गेली आहे. भावोजी एकोणसत्तर वर्षांचे. "अजून थोडं रखडू दे," ते म्हणतात. युरोपच्या कामातल्या दिरंगाईवर इतकं प्रेम करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ताईने माझ्याकडे साजूक तूप मागितलंय. ते नेता येत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत. फळांनाही प्रमाणपत्र लागतं, पण अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ यांना सूट आहे. ज्याने ही यादी केली, तो मागच्या जन्मी गुहागरचा असणार.

परवा रात्री भावोजींचा फोन आला. आवाज खाली. "तुझ्या त्या एजंटचा नंबर दे जरा."

"तो भारतात राहणाऱ्यांनाच पॉलिसी देतो, भावोजी. तुम्ही तिकडचीच घ्या."

"घेतो गं. पण ते 'घरपोच' म्हणजे न्यू जर्सी की पुणे, हे फॉर्मवर कुठे लिहायचं?"

मागून ताईचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, आधी हॉटेल बुक करा!"