उताराचे शास्त्र

बऱ्हाणपुरात 1615 साली, मोगल सरदार अब्दुर रहीम खानखानांच्या काळात, कुंडी भंडारा ही भूमिगत पाणीयोजना बांधली गेली. सातपुड्यात मुरलेले पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर शहरात आले. या विद्येचे खरे वारस म्हणजे आमचे कॉलेजकुमार. असीरगडच्या घाटातून एका मोटरसायकलवर तिघे, इंजिन बंद, पेट्रोलची बचत करत खाली येतात. मोटार वाहन कायदा म्हणतो, मागे एकच बसवा. मग चढावर गाडी ढकलणार कोण? शासनाने आता इंजिनच काढून तिथे चौथे आसन मंजूर करावे. हेल्मेटचा आग्रहही सोडावा. शिरस्त्राण मोगलसुद्धा लढाईलाच घालत, कॉलेजला जाताना कसली लढाई? कुंडी भंडाऱ्याचे पाणी मात्र चारशे वर्षांत एकदाही समोरच्या ट्रकवर आदळलेले नाही.