पार्ट आहे, आठवायचा आहे

दुरुस्ती करणाऱ्यांत दोन जाती असतात. एक 'होऊन जाईल' म्हणणारी आणि दुसरी 'हे आधी कुणी उघडलं होतं?' असं विचारणारी. आमचे मिस्तरी दुसऱ्या जातीतले. व्हॉल्यूम पेडल काउंटरवर ठेवलं तर काय बिघडलंय हे ते विचारत नाहीत. उलटं करून तळाचे स्क्रू बघतात. एखाद्या स्क्रूची खाच झिजलेली दिसली की संपलं. कुणी उघडलं, कशानं उघडलं, भाजीच्या सुरीनं का उघडलं, घरात पेचकस नव्हता का? गिऱ्हाईक गुन्हा कबूल करेपर्यंत मिस्तरी हत्यार हातात घेत नाहीत.

जळगावपासून खंडव्यापर्यंत या जातीची माणसं सापडतात. पाटीवर अजून 'रेडिओ-ट्रान्झिस्टर-टेप', आणि आत लग्नाच्या बँडचे कीबोर्ड, कव्वालीवाल्यांचे बेंजो, भजनी मंडळांचे अँप्लिफायर. पण अस्सल नमुना बघायचा तर बुऱ्हाणपूरला यावं. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. घरात मराठी, गिऱ्हाईकाशी हिंदी आणि सोल्डरिंग आयर्नचा चटका बसला की शुद्ध खानदेशी.

बँडवाल्यांचं काम ते पोटासाठी करतात. जीव मात्र स्टील गिटारच्या पेडलात. हे वाद्य हवाई बेटांवरचं. 1940च्या दशकात ताऊ मो नावाचा तिथला कलावंत कलकत्त्यात येऊन राहिला आणि गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकवायची लागण आपल्याकडे पसरली. मग व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी आल्या. सिनेमाची गाणी, शब्द वजा. बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले कितीतरी लोक त्या रेकॉर्डी ऐकून शिकले. आता ते पेन्शनीत आहेत, त्यांची पेडलंही त्याच वयाची आहेत, आणि दोघांच्या तक्रारी मिस्तरींनाच ऐकाव्या लागतात.

पेडल कशाला लागतं, हे मिस्तरी न विचारताही सांगतात. तार छेडली की सूर तिथूनच विरायला लागतो. वाजवणारा छेडताना आवाज दाबून धरतो आणि सूर विरेल तसतसा पायानं आवाज उघडत नेतो. म्हणून मींड लांबते. "हातांना टाळ्या मिळतात, पण गातो तो पाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता या कारभारात पेडल कधी पूर्ण दाबलेलं नसतं, कधी पूर्ण सोडलेलं नसतं. पाय मधल्या दोन बोटं जागेतच घुटमळतो, आणि आतल्या पॉटचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधाचा, कार्बन नेमका तिथंच झिजतो. मग ऐन मींडेत खर्रर्र. साधा माणूस स्प्रे मारून मोकळा होतो. मिस्तरी म्हणतात, स्प्रेनं धूळ जाते, झिजलेलं परत येत नाही.

पॉट बदलायचा म्हटलं की खरा खेळ सुरू होतो. पॉट पाचशे केचाच, म्हणजे पाचशे किलोओमचाच हवा. एका मास्तरांनी परगावी घाईत कीबोर्डच्या पेडलमधला दहा केचा बसवून घेतला होता. एवढ्या कमी ओमचं ओझं तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपला झेपत नाही, सुरांची चमक आधी मरते. मिस्तरींनी डोळे मिटून अर्धं गाणं ऐकलं आणि विचारलं, "मास्तर, गिटारवर गोधडी कुणी टाकली?"

शिवाय पॉट लॉगचा हवा. हल्लीच्या पॉटवर ए असेल तर लॉग, बी असेल तर लिनियर. पुतण्याला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर पाठवलं की तो बी घेऊन येतो. का, तर दुकानदार म्हणाला एकच आहे. 'एकच आहे' म्हणणाऱ्या माणसाला मिस्तरी पाणीसुद्धा विचारत नाहीत. "अरे बाबा, कान सरळ रेषेत ऐकत नाही. बी लावला तर पाय जरा टेकला की सगळा आवाज एकदम, आणि पुढं पेडल नुसतं व्यायाम करतं."

बाहेरच्या मालावरचा हा संशय या गावात एरवी उलट्या दिशेनं वाहायला हवा होता. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाच्या कादंबरीत फॉगसाहेबांची गाडी बुऱ्हाणपूरला थांबते आणि त्यांचा नोकर पासपार्तू इथं खोट्या मोत्यांनी सजवलेल्या सपाता विकत घेतो. कादंबरी 1873 सालची. तेव्हा बाहेरचा माणूस इथून खोटे मोती न्यायचा, आता इथला माणूस मुंबईहून खोटे पॉट आणतो. फिटंफाट झाली.

मिस्तरींचं काम बघायचं तर दोरीचं बघावं. काही पेडलांत पॉट दातेरी पट्टीनं फिरतो, काहींत दोरीनं. दोरी तुटली की पाय हलतो आणि आवाज ढिम्म. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्टेशनचा काटा ज्या दोरीनं सरकायचा, त्या डायल कॉर्डचं रीळ मिस्तरींनी जपून ठेवलंय. पेडल गुडघ्यांत धरतात, दोरीचं एक टोक दातांत, दुसरं स्प्रिंगला. पॉटच्या चाकाला वेढे देताना बोलणं बंद, त्यामुळे गिऱ्हाईकाला तेवढाच निवांतपणा. मग गाठ. गाठीवर सरसाचा थेंब. पेडल वर-खाली करून कान लावतात. दोरी घसरली तर शिवी, नाही घसरली तर चहा. पॉवरलूमच्या गावात दोरीला काय तोटा, असं एकदा कुणीतरी बोलून गेलं. मिस्तरींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "लूमच्या दोरीनं साडी होते. मींड नाही होत."

आणि दांडी! पेडलचं चाक पाव इंची दांडीला, बाजारातला पॉट सहा मिलिमीटरचा. फरक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, पण तेवढ्यात चाक डुगडुगतं. मिस्तरी पातळ पितळी पत्र्याची पट्टी कातरतात, दांडीभोवती गुंडाळतात, काढतात, पुन्हा कातरतात. या पट्टीपायी दुपार जाते.

पार्ट मिळत नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. "पार्ट आहे. कुठं ठेवलाय तेवढं आठवायचं आहे." काकूंच्या लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचे डबे, सगळ्यांत पार्ट. काकू म्हणतात, घरात हळद शोधायला गेलं की कपॅसिटर हाती लागतो. एका डब्यात ॲलन-ब्रॅडलीचा एकच अमेरिकन पॉट आहे. तो कुणालाच लावत नाहीत. दाखवतात.

गिऱ्हाईकानं घाई केली की मिस्तरी गावाचा इतिहास काढतात. दोहे लिहिणाऱ्या रहीमच्या काळात, 1615 साली बांधलेला कुंडी भंडारा, जमिनीखालून आपोआप वाहत येणारं पाणी, ना मोटर ना पंप. "ते चारशे वर्षं चालतंय, आणि तुम्हाला पेडल परवा पाहिजे?" फारच रंगात आले तर मुमताजवर येतात. 1631 साली ती इथं गेली, आधी तापीपलीकडे झैनाबादला पुरली, आणि ताजमहाल झाला आग्र्याला. "चांगला माल या गावात टिकत नाही, दादा. आपल्या वाट्याला दुरुस्ती."

घाईचे दिवस दोन. 4 ऑगस्ट आणि 13 ऑक्टोबर, किशोरकुमारांची जयंती आणि पुण्यतिथी. खंडव्याला समाधीवर दूध-जिलेबीचा नैवेद्य, संध्याकाळी गाण्यांचे कार्यक्रम, आणि त्याच्या आदल्या रात्री मिस्तरींच्या दारात पेन्शनरांची रांग. एका वर्षी एकाचा मुलगा परदेशातून नवं पेडल घेऊन आला. त्यात पॉटच नाही, दिव्याच्या उजेडावर आवाज कमी-जास्त होतो, झिजायला काही नाहीच. मिस्तरींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, स्क्रू बघितले. कोरे. त्यांचा चेहरा पडला. मग विचारलं, "याला लाईट लागते?" लागते. "मग बरं आहे. आपल्याकडे येईल कधीतरी."

बिलाचा हिशोबही त्यांच्यासारखाच. पॉटचे पैसे चोख. दोरीचे काही नाही, ती मेलेल्या रेडिओची. हाताचे तुम्हीच ठरवा. आता त्या पितळी पट्टीमागे गेलेल्या दुपारचं मोल कुणाला ठरवता येणार? माणूस खिशातली सर्वांत मोठी नोट काढतो, मिस्तरी त्यातली निम्मी परत करतात आणि वर बजावतात की पुढच्या वेळी सुरीनं उघडू नका.

तर मंडळी, घरात माळ्यावर जुना मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा रेडिओ पडला असेल तर तो भंगारवाल्याला घालू नका. बुऱ्हाणपूरकडे कुणी निघालं असेल त्याच्याबरोबर पाठवा. वाजत नसला तरी चालेल, डायल कॉर्ड शाबूत हवी. आणि कृपा करून आधी उघडून बघू नका.