ग्रामसेवेचा बाजारभाव

शिंदखेड्याच्या विद्यार्थ्याला एमबीबीएससाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) या दोन्ही जागा मिळाल्या, तर निवड सेवेच्या अटीवर येऊन ठेपते. पुण्यात शिक्षण फुकट, नंतर सशस्त्र दलांत वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी. धुळ्यात फी भरायची, शिवाय वर्षभराच्या शासकीय सेवेचे बंधपत्र, आणि ही सेवा बहुधा ग्रामीण भागातच. बरीच वर्षे १० लाख रुपये भरून या बंधपत्रातून सुटता येई. ग्रामसेवेचा इतका नेमका भाव कापूस बाजारातही निघत नाही. बरे, ग्रामीण सेवा म्हणजे शिंदखेड्यासारख्याच तालुक्यातले एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र. ते टाळायला बाप शेत गहाण टाकायला तयार असे. सैन्यातून सियाचीनला जायला मात्र घरात कोणाचीच हरकत नसे.