गुरुजींना पासवर्ड लागत नव्हता

अमळनेरात शिक्षकानं काहीही नवं करायला घेतलं, की साने गुरुजी आडवे येतात. म्हणजे ते स्वतः नव्हे. तो माणूस कशाला कुणाला आडवा जाईल! त्यांच्या नावानं गाव येतं. मी नववीच्या पोरांना ब्लॉग लिहायला लावणार, हे कळल्यावर चहाच्या टपरीवर एका निवृत्त सरांनी बशीत चहा ओतता ओतता निकाल दिला, "त्यात काय नवं? गुरुजींनी केलंय ते. तेही नेटपॅकशिवाय."

खरंच केलंय. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि छात्रालयही सांभाळत. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हातानं दैनिक लिहून काढायचे. संपादक, वार्ताहर आणि छापखाना, तिन्ही खाती एकाच माणसाकडे. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक, १९३८ मध्ये अमळनेरातूनच 'काँग्रेस' साप्ताहिक, १९४८ मध्ये मुंबईला 'साधना'. पासवर्ड विसरला म्हणून अंक लटकला, असं कुठंही नोंदलेलं नाही.

आमच्याकडे सुरुवातीचे सगळे तास पासवर्डातच गेले. तो कुणाला सांगायचा नसतो, असं मी बजावलं. मधल्या सुट्टीत प्रत्येकाचा पासवर्ड प्रत्येकाला पाठ होता. मग लेख आले. पावसाळा, मोर, आईचे उपकार. एकाच्या पावसाळ्यात ढग दाटून आले, गारवा पसरला आणि तिसऱ्या परिच्छेदात 'अधिक निबंधांसाठी येथे क्लिक करा' असंही बरसून गेलं. "हे काय?" म्हणून विचारलं तर पोरगं म्हणालं, "सर, ते पण निबंधातच व्हतं."

लेखांखालच्या प्रतिक्रिया त्याहून थोर. 'छान', 'खूप छान', 'नाद खुळा भाऊ' आणि अंगठे. पालकांच्या ग्रुपवर दुवा टाकला, तर वर गुलाबाची फुलं आणि खाली 'सुप्रभात'. मधल्यामध्ये लेकराचा लेख चेंगरून गेला. एका पालकांनी मुद्द्यालाच हात घातला, "सर, ह्याचे मार्क किती?"

अमळनेरच्या माणसानं तरी हे विचारू नये. १९४५ च्या डिसेंबरात इथं वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. गावातल्या काहींनी तिचे शेअर घेतले, ट्रंकेत टाकले आणि विसरले. त्या कंपनीची पुढे विप्रो झाली आणि विसरणारे कोट्यधीश झाले. लगेच मार्क मागणाऱ्यांनी ते कागद तेव्हाच विकले असणार. हे मी त्या पालकांना सांगितलं. त्यांनी उत्तरादाखल गुलाब पाठवला.

गाडी रुळावर आणली ती वांग्यानं. एका मुलीनं भरिताची कृती लिहिली: वांगी गॅसवर भाजा, मिक्सरमधून काढा. बस, आग लागली. सुरतेहून मावशी धावली, "कपाशीच्या काड्यांवर भाजल्याशिवाय वास कसा येईल?" पुण्याचा मामा शेंगदाण्यांच्या बाजूनं उतरला, चोपड्याची आत्या कांद्याच्या पातीच्या. गल्लीतल्या एका आजीनं नातवाकडून टाइप करून घेतलं, "मिक्सरमधलं ते भरीत नही, चटणी शे. बडगीत ठेच."

पोरगी रडवेली झाली, आणि मग चिडून कामाला लागली. तीन घरी जाऊन विचारून आली, कुठल्या घरी काय घालतात ते वहीत मांडलं, बडगीचा फोटो काढला आणि लेख नव्यानं लिहिला. खाली स्पष्ट नोंद: 'शेंगदाण्यांबद्दल आमच्या नातेवाइकांत एकमत नाही.' माहितीचा पडताळा, मतभेदाची नोंद, छायाचित्राचा पुरावा. ह्या शब्दांवर मी वर्गात तास घेतला होता तेव्हा अर्धी बाकं जांभया देत होती.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला आणि दहा लाख डॉलरांतली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली. ते वाचून आमच्याकडेही मुतारीच्या भिंतीपर्यंत कोड चिकटवले गेले. स्कॅन केला की शाळेचं नाव दिसतं. शाळेत उभ्या असलेल्या माणसाला ही माहिती फार उपयोगी पडते.

यंत्र कुठलंही घ्या, लिहिणाऱ्याला समोर वाचणारा दिसावा लागतो, आणि तो वाद घालणारा असला तर सोन्याहून पिवळं. छात्रालयात दैनिक लिहिणारा आणि वाचणारे एकाच छपराखाली होते. माझ्या पोरांना जगभराचा वाचक मोकळा आहे, म्हणजे प्रत्यक्षात कुणीच नाही. म्हणून आता मी लेख कमी आणि वाचन जास्त नेमून देतो. नियम एकच: 'छान' लिहायला बंदी नाही, पण काय छान ते सांगायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

परिणाम दिसायला लागलेत. परवा मोरवाल्या लेखाखाली एकानं विचारलं, "तू हा मोर कुठं पाहिला?" लेखक दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मोर काढून टाकला आणि घरच्या बोकडावर लिहिलं. अक्षरशः दुर्गंधीसकट. मराठीच्या पेपरात त्याला कुणी मार्क देणार नाही, पण वाचून प्रतिक्रिया द्यायला सुप्रभातवाले काकासुद्धा आले. म्हणाले, "आमच्या बोकडाचं पण असंच आहे." गुलाब नव्हता.