तंजावरचा रकाना

कोणत्या देशाकडे किती टन सोने, याची यादी आली की आपल्याकडे ती आयपीएलच्या गुणतक्त्यासारखी वाचतात. अमेरिका ८,१३३, आपण ८८० च्या आसपास, पाकिस्तान फार मागे. झाले, चहा गोड लागला. या तक्त्यात तंजावरला रकाना नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

तंजावरने आपला ताळेबंद चक्क बृहदीश्वराच्या दगडावर कोरला. राजराज चोळाने शिखरासाठी दिलेला तांब्याचा कलश ३,०८३ पलम, त्यावरचा सोन्याचा पत्रा २,९२६½ कळंजू. अर्धा कळंजूही सुटलेला नाही! दागिन्यांतल्या मोत्यांची प्रतवारी आहे, वजनात लाखेचेही वजन धरले आहे हेही नोंदवले आहे. बरे, माल आला कुठून? चेर आणि पांड्यांना हरवून आणलेल्या खजिन्यातून, असे तीच भिंत बिनदिक्कत सांगते. गंगाजळी वाढवायची ही पद्धत नाणेनिधी शिकवत नाही; पण तिच्यात निर्यातदारांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. वर देवाचा पैसा गावांना साडेबारा टक्के व्याजाने. तेव्हाही देव ठेवी नुसत्या पडू देत नसे.

पुढे आपले भोसले आले. १७९९ च्या तहात सरफोजी राजांनी कारभार ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि वर्षाला एक लाख होन व महसुलाचा पाचवा हिस्सा घेतला. पेन्शनीत राहूनही त्यांनी १८०३ मध्ये त्याच देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी इतिहास कोरून घेतला. ताळेबंद मात्र कोरला नाही. शहाणपणच म्हणायचे.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे निपुत्रिक वारले. कंपनीने राज्य खालसा केलेच, पण जडजवाहीर, खाजगी चीजवस्तूही उचलली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या आणि १८५९ मध्ये लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे हरल्या. ही राजसत्तेची कृती. ती न्याय्य की अन्याय्य हे पाहणे कोर्टाचे काम नव्हे, असा निकाल. चोरीला इतके स्वच्छ इंग्रजी फार थोड्यांना लाभते.

२०२२ मध्ये रशियाच्या गंगाजळीतले सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्यांनी गोठवले, तेव्हा मोठमोठे अर्थपंडित चकित झाले. कुणीही तंजावरला फोन केला नाही. आपण १९९१ मध्ये ४७ टन सोने परदेशी गहाण पाठवले होते. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने शंभर टन इंग्लंडहून घरी आणले आणि देशात साठवायला पुरेशी जागा आहे, एवढेच सांगितले. जागा काय, १९९१ मध्येही होती.

आणि तंजावर? तिथल्या राण्यांची मालमत्ता सरकारने १८६२ मध्ये मेहेरबानी म्हणून परत केली. मग त्यातले कुणाचे किती, यावरून राण्यांतच जुंपली आणि त्याचा निकाल १८६८ मध्ये मद्रास हायकोर्टाने दिला. निदान भांडायला लंडन गाठावे लागले नाही.