इंजिनला हात लागलेला नाही

जुन्या मोटारसायकलीच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘इंजिनला हात लागलेला नाही.’ त्याच्या आगेमागे ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टर वापरत होते’, ‘फक्त घर ते ऑफिस’ वगैरे अलंकार येतात, पण गाभा हाच. दिवा लागतो का, ब्रेक लागतो का, हॉर्न दाबला तर निदान म्हैस तरी वळून बघते का, हे देणारा लिहीत नाही आणि घेणारा विचारत नाही. घेणारा येतो, किक मारतो, मान तिरकी करून इंजिन ऐकतो, गंभीर चेहऱ्यानं एकदा रेस करतो आणि म्हणतो, “आवाज चांगलाय.” संपला व्यवहार.

माझी गाडी याच घराण्यातली. शंभर सीसी, काळी. टाकीवर लाल पट्टे होते, असं जुन्या फोटोंवरून कळतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. त्यांनी गाडी चांगलीच दिली होती. ती आजही पहिल्या किकला सुरू होते, लिटरला किती देते ते मी अनोळखी माणसांनाही थांबवून सांगतो, आणि आजवर तिनं मला कधी रस्त्यात उभं केलेलं नाही. भरवशाची गाडी म्हणजे आणखी काय असतं?

मग पंधरा वर्षं झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे दर पाच वर्षांनी ती आरटीओत नेऊन, ही अजून गाडीच आहे, हे दाखवावं लागतं. लोक याला री-पासिंग म्हणतात. त्यासाठी पंचवीस नंबरचा फॉर्म लागतो, विमा लागतो, पीयूसी लागतं, पर्यावरण कर भरल्याची पावती लागते, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून काढलेला ठसा लागतो आणि गाडी लागते. यातली शेवटची वस्तू सोडून बाकी सगळं माझ्याकडे तयार होतं.

पण हे मला फिटरकडे गेल्यावर कळलं. त्यानं गाडी स्टँडवर घेतली. किक मारून दाखवावी म्हणून मी पुढे सरसावलो, तर म्हणाला, “राहू द्या काका, इंजिन नाही बघायचंय.” गाडीचा इतका अपमान आजवर कोणी केला नव्हता. त्यानं चावी फिरवली आणि उजवा इंडिकेटर दिला. काहीच झालं नाही. डावा दिला. तो पेटला आणि पेटूनच राहिला.

“रेस केली की लुकलुकतो,” मी म्हणालो.

“म्हणजे बॅटरी गेली.”

“किक असताना बॅटरी लागते कशाला?”

त्यानं हॉर्न दाबला. हॉर्न बसलेल्या घशानं काहीतरी पुटपुटला. मग त्यानं मागचा ब्रेक दाबून धरला आणि मला पाठीमागे जाऊन बघायला सांगितलं. लाल दिवा लागेना. ब्रेकच्या पेडलला एक बोटभर स्प्रिंग असते. पेडल खाली गेलं की ती एका बारक्या स्विचला ओढते आणि दिवा लागतो. ती स्प्रिंग वाटेत कुठेतरी उतरून गेली होती. “कधीपासून बंद आहे?” त्यानं विचारलं. आता हे मला कसं कळावं? दिवा मागे असतो आणि मी पुढे बसतो.

इंडिकेटरचं मात्र मला ठाऊक होतं, आणि त्याची आम्ही व्यवस्थाही केली होती. व्यवस्था म्हणजे बायको. वळायचं असलं की त्या बाजूचा हात ती काढते. सुरुवातीला मी “डावा”, “उजवा” असं सांगायचो. पुढे तिला माझ्या पाठीवरूनच कळायला लागलं. आता तर ती आधी हात काढते आणि त्यावरून आम्ही कुठे चाललोय ते मला कळतं. बल्ब नुसता लुकलुकतो. ही मागच्या टेम्पोला थांबवते, रिक्षावाल्याकडे डोळे वटारते, वेळ पडली तर दोन शब्द सुनावते आणि आम्हाला वळवून घेते. एकटा असतो तेव्हा मी शक्यतो सरळ जातो.

ते मागच्या टायरवर दिसतही होतं. नियमाप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी निदान ०.८ मिलिमीटर खोल हवी. माझ्या टायरचा मधला पट्टा पार गोटा झाला होता आणि दोन्ही कडांना नक्षी कोरी करकरीत. सरळमार्गी माणसाचा टायर असाच झिजतो. मागच्या ब्रेकचा नट आवळत आवळत आट्यांच्या टोकाला पोचला होता. आता पुढे आवळायला दांडाच शिल्लक नव्हता. ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण असतो, आतले लायनर संपत आले की तो खुणेपाशी येतो. आमचा बाण खूण मागे टाकून केव्हाच पुढच्या गावाला गेला होता.

मग फिटरनं पुढचं चाक उघडलं. तिथले लायनर कंपनीतून आले तसेच होते. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

यात माझा काय दोष? आमची पिढी ज्या मामा-काकांकडे गाडी शिकली, त्यांनी पहिल्याच दिवशी एक उपदेश केला होता : पुढचा ब्रेक दाबायचा नाही, उलटशील. मग तो दिलाय कशाला, असं मी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, “कंपनी देते.” ब्रेक लागला की भार पुढे सरकतो, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि गाडी थांबवण्याचं जास्तीचं काम तेच करू शकतं, ही बातमी मामापर्यंत पोचली नव्हती. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी निम्म्या ब्रेकांवर नोकरी करून, मुलांची लग्नं लावून, सुखरूप निवृत्त झाली.

त्यानंतर त्यानं पुढचं चाक अधांतरी केलं आणि एका बोटानं हँडल हळूच फिरवलं. बरोबर मधोमध येताच ते ‘टक्’ करून अडकलं. “कोनसेट गेला.” हँडलच्या मानेत वर आणि खाली छऱ्यांच्या वाट्या असतात. खड्ड्यात चाक आपटलं की छरे वाटीत रुततात आणि बारीक खळगे पाडतात. आणि आपटताना आपण बहुतेक वेळा सरळ जात असतो, म्हणून खळगेही सरळ दिशेचेच पडतात. हँडल मग त्या खळग्यात जाऊन बसतं. मी याला गाडीचा सरळ स्वभाव म्हणत असे.

सायलेन्सर खालून सडला होता. पेट्रोल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. लांबची फेरी असली तर नळी तापून ती बाहेर पडते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणून गाडी बंद केली की तेच पाणी आत साचतं आणि पत्रा खातं. म्हणजे ‘फार वापरलेली नाही’ हा जाहिरातीतला जो गुण, तोच सायलेन्सरचा रोग.

“काका, छान ठेवलंय,” असं शेवटी हात पुसत फिटर म्हणाला. मी खुललो. “इंजिन,” तो म्हणाला. “गाडी नाही.”

माझा एक भाचा ब्रिटनमध्ये असतो. पोटापाण्याला सॉफ्टवेअर आणि हौसेला मोटारसायकल. त्याला मी ही हकिगत फोनवर सांगितली, तर त्याला आमच्या पंधरा वर्षांचंच जास्त आश्चर्य वाटलं. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की पुढे दर वर्षी तपासणी. तिला एमओटी म्हणतात. १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स नावाच्या वाहतूकमंत्र्यांच्या कारकिर्दीत ती सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांपुढच्या गाड्या बघायचे. पण त्यात नापासांचं प्रमाण असं निघालं की लवकरच ही अट सात वर्षांवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये तीनवर. स्वतः मार्पल्स १९७५ मध्ये कराच्या कटकटीपायी देश सोडून मोनॅकोला गेले. मंत्र्यांसाठी अशी वार्षिक तपासणी अजून कुठल्याच देशात निघालेली नाही.

भाच्यानं मला त्याचं सर्टिफिकेट पाठवलं. गाडी पास, पण खाली दोन ओळी : चेन सैल होत चालली आहे, मागचा टायर संपत आला आहे. याला म्हणे ‘अ‍ॅडव्हायझरी’ म्हणतात. आमच्या शाळेत गणितात कच्च्या पोरांना असाच शेरा मारून वरच्या वर्गात ढकलत असत.

“आणि इंजिन?” मी विचारलं.

“मामा, इंजिन नाही बघत.”

मला ते खरं वाटेना. पण खरंच तसं आहे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांच्या तब्येतीशी एमओटीवाल्याला कर्तव्य नाही. तो दिवे बघतो, ब्रेक बघतो, टायर बघतो, कोनसेट बघतो, शॉकअप बघतो, चेन बघतो, हॉर्न ऐकतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे, असा तिथला नियम आहे. (आमचा रेस केल्यावर या हद्दीत कुठेतरी बसेल.) आणि मोटारसायकली सर्वांत जास्त नापास कशात होतात? दिव्यांत! बाकी तिथे मोटारींपेक्षा मोटारसायकली कमीच नापास होतात. तिकडे ती बहुतेकांच्या हौसेची वस्तू. ऊन पडलं की बाहेर काढायची, क्रोम पुसायचं, परत झाकून ठेवायची. पण इतक्या वेळा पुसूनही त्या माणसाला मागचा बल्ब गेलेला दिसत नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

याचं कारण मला लगेच सापडलं. गाडीतले काही भाग आपले असतात आणि काही लोकांचे. इंजिन, सीट, पेट्रोलचा काटा हे आपले. ब्रेक लाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, सायलेन्सर हे लोकांचे. आपण ते नुसते वाहून नेतो. साडीगार्ड घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी हवं, पाय टेकायला जागा हवी आणि कपडा अडकू नये म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. कॉलेजातली पोरं नवी गाडी घरी आल्याबरोबर पहिल्यांदा तेच सोडवून माळ्यावर टाकतात, कारण त्यांना साडी नेसायची नसते. तपासणारा नेमका या दुसऱ्यांच्या मालाचा हिशेब मागतो. तिथे इंग्रज काय आणि आपण काय, सारखेच उघडे पडतो.

गंमत पुढेच आहे. तिकडे मोटारसायकलीचा धूर यंत्रानं मोजत नाहीत. आपण उलट धूर वेळच्या वेळी मोजतो आणि दिवे बघायला पंधरा वर्षं थांबतो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली व्हॅन हीच आपली एमओटी. नव्या गाडीला वर्षानं, माझ्यासारखीला सहा महिन्यांनी. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत आला की नंबरप्लेटचा फोटो काढून निघायचं. माझी गाडी इथे दर वेळी उत्तम गुणांनी पास व्हायची. इंजिनला हात लागलेला नाही ना! सायलेन्सरला खालून भोक असल्यामुळे धूर नळीपर्यंत पोचतच नसेल, असं फिटरचं म्हणणं. फिटर लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

उरलेली तपासणी आपण जनतेवर सोपवली आहे. सिग्नलवरून गाडी हलली की “काका, स्टँड!” पुढे गेलो की “ताई, ओढणी!” समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून दिवसा दिवा चालू असल्याचं कळवतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करताच येत नाही. पण शेजारच्या मुलाला अजूनही रोज रस्ताभर पंजे दिसतात. आधी तो समजावून सांगायचा, आता तोही उलट पंजा दाखवतो. इतके दक्ष लोक, पण ब्रेक लाइट बंद असल्याचं मला कधीच कोणी सांगितलं नाही. ज्याला ते कळतं, तो त्या क्षणी स्वतःचा ब्रेक दाबण्यात आणि माझ्या पूर्वजांचं स्मरण करण्यात गुंतलेला असतो.

पासिंगच्या दिवशी बायकोही बरोबर आली. नव्या इंडिकेटरवर तिचा विश्वास नव्हता. मैदानात गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक जण आपलं बटण परत परत दाबून, काल रात्री बसवलेला बल्ब सकाळपर्यंत टिकलाय ना, याची खात्री करून घेत होता. गाड्या जुन्या आणि चारी टोकांना लखलखीत. माझ्या पुढचे गृहस्थ तर खिशात जादा बल्ब घेऊन आले होते.

आमचा नंबर आला. साहेबांनी ठसा पाहिला, वाकून चेसिस नंबर पाहिला, पुन्हा ठसा पाहिला. आता बोललंच पाहिजे असं मला वाटलं.

“साहेब, इंजिनला हात लागलेला नाही.”

“लावायला कोणी सांगितलंय?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “इंडिकेटर द्या. डावा. उजवा. हॉर्न. आता ब्रेक दाबा.”

मी दोन्ही दाबले. पाच वर्षांची सोय झाली.

परतताना घराकडे वळायला म्हणून चौकात मी ऐटीत उजवा इंडिकेटर दिला. बायकोला मंडईत जायचं होतं, तिनं डावा हात काढला. मागून येणाऱ्या बसनं करकचून ब्रेक लावला. ड्रायव्हरनं आधी लुकलुकता दिवा पाहिला, मग हात पाहिला, मग खिडकीतून अर्धा बाहेर आला.

“ओ काका, आधी घरी ठरवून निघत जा!”

आम्ही डावीकडे वळलो.